आवाजाविना हाक : ११२ ला संदेश पाठविताना

थोड्या शब्दांत मोठी गोष्ट कळविण्याची कला व्यापारी घराण्यांना नवी नाही. वऱ्हाडातील कापसाच्या पेठांमध्ये मुंबईचा भाव तारेने येई, त्या काळी प्रत्येक शब्दाचे दाम मोजावे लागत. त्यामुळे गावाचे नाव, मालाचा प्रकार, भाव आणि सही एवढ्यातच तार संपत असे. नमस्कार, क्षेमकुशल आणि हवापाणी यांना पोस्टकार्ड होते. जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवा बंद झाली आणि शब्द मोजण्याची ती सवयही हळूहळू सुटली. आज मोबाइलवर हवे तेवढे लिहिता येते. परंतु एक प्रसंग असा आहे की ज्यात त्या जुन्या तारेचीच शिस्त माणसाच्या प्राणाला उपयोगी पडू शकते. तो प्रसंग म्हणजे संकट ओढवले आहे, मदत हवी आहे, पण तोंडाने बोलता येत नाही.

असा प्रसंग दुर्मीळ वाटतो. प्रत्यक्षात तो तसा नाही. २०११ च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची नोंद सुमारे ५० लाख आणि वाणीदोष असलेल्यांची सुमारे २० लाख झाली आहे. त्याशिवाय वार्धक्याने ज्यांचे कान मंद झाले आहेत, अशी वडीलधारी माणसे बहुतेक प्रत्येक घरात असतात. मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी अनेक कुटुंबांत मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नागपूर, पुण्याला गेलेली आणि दुकान व घर आई-वडील सांभाळीत असलेले दिसतात. अशा घरी रात्री काही घडले, तर पलीकडून विचारलेला प्रश्न आजोबांना ऐकूच येणार नाही. दुसरीकडे, ज्याचे कान आणि वाणी दोन्ही उत्तम आहेत अशा माणसावरही मौनाची पाळी येऊ शकते. सोयाबीन, तूर, कापसाच्या हंगामात दुकानात रोकड असते. खाली चोर शिरले आहेत आणि माडीवर घरची माणसे श्वास रोखून बसली आहेत, अशा वेळी मोठ्याने बोलणे म्हणजे आपला ठावठिकाणा स्वतःच सांगणे होय. घरातच छळ सोसणाऱ्या स्त्रीचीही हीच अडचण असते. तिला ज्याच्यापासून संरक्षण हवे तो शेजारच्याच खोलीत असतो.

या सर्वांसाठी शासनाने काय सोय केली आहे, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. पूर्वी पोलिसांसाठी १००, अग्निशमनासाठी १०१, असे निरनिराळे क्रमांक लक्षात ठेवावे लागत. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर देशभर एकच आपत्कालीन क्रमांक असावा, या विचाराला जोर आला. २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने त्यासाठी ११२ या क्रमांकाची शिफारस केली. हाच क्रमांक युरोपात १९९१ पासून स्वीकारलेला आहे. २८ नोव्हेंबर २०१८ रोजी हिमाचल प्रदेशात ही सेवा सर्वप्रथम सुरू झाली आणि महाराष्ट्रात ती २०२१ मध्ये आली. राज्यातील मुख्य केंद्र नवी मुंबईत व दुसरे नागपुरात आहे. तेथे आलेली हाक जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे आणि तेथून गस्तीवरील वाहनाकडे जाते. वैद्यकीय मदतीसाठी राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. ती २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली.

११२ च्या रचनेत केवळ आवाजी फोनच नव्हे, तर लेखी संदेश, ई-मेल, संकेतस्थळ, मोबाइलमधील धोक्याचे बटण आणि ‘११२ इंडिया’ हे अ‍ॅप अशा अनेक वाटांनी आलेली हाक स्वीकारण्याची तरतूद आहे. धोक्याच्या बटणाचा नियम २०१६ चा आहे. साध्या मोबाइलमध्ये ५ किंवा ९ हा अंक दाबून धरल्यास आणि स्मार्टफोनमध्ये चालू-बंद करण्याचे बटण लागोपाठ तीनदा दाबल्यास आपत्कालीन हाक जावी, असे त्यात ठरविले आहे. आता निरनिराळ्या कंपन्यांच्या संचांत ही पद्धत थोडी वेगळी आढळते; म्हणून आपल्या संचात ती कोणती आहे हे सेटिंगमध्ये पाहून ठेवणे इष्ट. ‘११२ इंडिया’ अ‍ॅपमध्ये पोलीस, वैद्यकीय, अग्निशमन अशी वेगवेगळी बटणे असतात आणि बटण दाबताच ठिकाणाची माहितीही सोबत जाते. स्त्रियांसाठी जवळपासच्या नोंदणीकृत स्वयंसेवकांना सूचना देण्याचीही त्यात सोय आहे.

येथे पहिला नियम ध्यानी धरावा. बोलता येत असेल तर फोनच करावा. बोलणे अशक्य किंवा धोक्याचे असेल तेव्हाच संदेश पाठवावा. याला सबळ कारणे आहेत. फोनवर पलीकडचा कर्मचारी प्रश्न विचारून नेमकी माहिती काढून घेतो, धीर देतो आणि पार्श्वभूमीचा आवाजही ऐकतो. शिवाय आपल्या कंपनीचे जाळे नसले तरी दुसऱ्या कंपनीच्या उपलब्ध जाळ्यावरून ११२ चा आवाजी फोन लागू शकतो. संदेशाला ही सवलत नाही. त्याला आपलेच जाळे लागते. फोन विनामूल्य लागतो, संदेशासाठी मात्र रिचार्ज चालू असावा लागतो. अनेक घरांत आजी-आजोबांच्या साध्या मोबाइलचे रिचार्ज, “येणारे फोन तर येतात ना” असे म्हणून लांबणीवर टाकले जाते. त्या मोबाइलवरून संकटसमयी संदेश जाणारच नाही, हे ध्यानात आलेले नसते.

संदेशाच्या मार्गाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने संगणकावरून नाताळच्या शुभेच्छांचा जगातील पहिला मोबाइल संदेश पाठविला. तेव्हापासून आजतागायत या व्यवस्थेचे मूळ तत्त्व बदललेले नाही. संदेश प्रथम कंपनीच्या केंद्रात जमा होतो आणि वाट मोकळी होताच पुढे जातो. म्हणजे तो टपालासारखा आहे. बहुधा तो काही क्षणांत पोहोचतो, पण तो केव्हा पोहोचेल याची हमी नसते. याच गुणामुळे जेथे जाळे क्षीण असल्याने बोलणे तुटते, तेथे संदेश एखाद्या वेळी निसटून जातो. आणि याच दोषामुळे तो पाठवून निश्चिंत बसता येत नाही. उत्तर येईपर्यंत दुसरी वाटही चालू ठेवावी.

संदेशाची लांबी हाही महत्त्वाचा विषय आहे. रोमन अक्षरांत एका संदेशात १६० अक्षरे बसतात. देवनागरीत मात्र केवळ ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, विरामचिन्ह आणि मोकळी जागा यांची गणना स्वतंत्र होते. ‘मानोरा’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण यंत्राच्या हिशेबी तो सहा खुणांचा आहे. मजकूर वाढला की मोबाइल त्याचे आपोआप तुकडे करून पाठवितो. एखादा तुकडा मागे राहिला तर अर्थ अडखळतो. म्हणून जे सर्वांत आवश्यक, ते पहिल्या ७० खुणांत आले पाहिजे.

सर्वांत आवश्यक काय? घाबरलेला माणूस स्वाभाविकपणे आधी ‘वाचवा’ लिहितो, मग काय झाले ते लिहितो आणि कोठे झाले हे शेवटी लिहितो किंवा विसरतो. क्रम नेमका उलटा हवा. ‘कोठे’ हे आधी, ‘काय’ हे नंतर. काय घडले हे न कळता वाहन निघू शकते. कोठे जायचे हे न कळता ते निघू शकत नाही. मोबाइल टॉवरवरून ठिकाणाचा अंदाज घेता येतो हे खरे. परंतु ग्रामीण भागात एका टॉवरचा टापू काही किलोमीटरचा असतो आणि तेवढ्या टापूत एक घर शोधणे सोपे नसते.

ठिकाण लिहिताना वाशिम जिल्ह्यातील माणसाने तर विशेष सावध असावे, कारण या जिल्ह्यातील कित्येक गावांना राज्यात नामसाधर्म्य आहे. मालेगाव म्हटले की जिल्ह्याबाहेरच्या माणसाला नाशिकचे मालेगाव आठवते. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला ज्या शिरपूरला यात्रेकरू येतात, ते याच वाशिमच्या मालेगाव तालुक्यातील. परंतु धुळे जिल्ह्यातही शिरपूर हे तालुक्याचे गाव आहे. ग्रंथभांडारांसाठी ख्यात असलेले कारंजा (लाड) वाशिमचे, तर कारंजा (घाडगे) वर्ध्याचे. खुद्द मानोऱ्याचीही हीच गत आहे. मुंबईतील ‘मनोरा’ आमदार निवासाचे नाव राज्यभर ठाऊक आहे, आणि रोमन अक्षरांत घाईने लिहिल्यास ‘मनोरा’ व ‘मानोरा’ यांत काहीच भेद उरत नाही. नवी मुंबईत किंवा नागपुरात बसलेल्या कर्मचाऱ्याला गावातील चौक आणि गल्ल्या ठाऊक असण्याचे कारण नाही. म्हणून गावाच्या पाठोपाठ जिल्हा हा लिहिलाच पाहिजे. “आमच्या दुकानी या” हा पत्ता गिऱ्हाइकाला पुरतो, नियंत्रण कक्षाला पुरत नाही.

नमुन्यादाखल पुढील संदेश पाहावा : “मानोरा, जि. वाशिम. मारुती मंदिरासमोर. दुकानात चोर. पोलीस. फोन नको.” हा मजकूर ६६ खुणांचा आहे, म्हणजे एकाच संदेशात मावतो. गाव, जिल्हा, ठळक खूण, संकट, कोणती मदत हवी आणि शेवटी “फोन नको” ही सूचना, इतके सारे त्यात आले. शेवटचे दोन शब्द अनावश्यक वाटतील. परंतु लपून बसलेल्या माणसाच्या हातातील मोबाइल अकस्मात वाजला, तर मदत येण्याआधीच अनर्थ ओढवेल. बहिऱ्या व्यक्तीने त्या जागी “ऐकू येत नाही” असे लिहावे. नाव, किती माणसे आहेत, कोणी जखमी आहे काय, हे दुसऱ्या संदेशात कळविता येते. पहिला संदेश पाठविण्यापूर्वी मोबाइलचा आवाज, थरथर आणि कळांचा टिकटिकाट बंद करावा, पडद्याचा उजेड मंद करावा. हित आणि मित वचनाची महती जैन घरांत लहानपणापासून कानी पडते. भाषासमितीचा तो संस्कार येथे व्यवहाराच्या अगदी कठीण क्षणी उपयोगी पडतो.

या विषयाचे गांभीर्य महाराष्ट्राने २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अनुभवले आहे. मुंबईवरील त्या हल्ल्यात हॉटेलांमध्ये अडकलेल्या पाहुण्यांनी दिवे मालवून, दारे लावून, आवाज न करता मोबाइलवरून आप्तांना संदेश पाठविले. त्या वेळी ११२ सारखी व्यवस्था अस्तित्वात नव्हती. अनेकांचे निरोप घरच्यांमार्फत पुढे जात होते. त्याच रात्रीने दुसराही धडा दिला. दूरचित्रवाणीवरील थेट प्रक्षेपण हल्लेखोरांचे सूत्रधारही पाहत होते आणि त्यावरून सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालपत्रात त्या प्रक्षेपणावर कठोर टीका केली. सामान्य कुटुंबानेही यातून बोध घ्यावा. लपलेल्या नातलगाचा निरोप आला तर तो जसाच्या तसा दहा समूहांत पाठवू नये. तो पोलिसांना कळवावा आणि तेथेच थांबावे.

नातलगांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहाविषयी येथे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. आज अनेक कुटुंबांत संकटाची पहिली वार्ता या समूहावर जाते. समूह मोठा, माणसे प्रेमळ, आणि तरीही रात्री दोन वाजता तो जागा असेलच असे नाही. जागे असतील ते “काय झाले?” असे विचारतील, प्रत्येकाला वाटेल की दुसऱ्या कोणी तरी पोलिसांना कळविले असेल. चाळीस जणांनी वाचलेला निरोप कृतीत एकानेही न उतरविणे सहज शक्य आहे. म्हणून समूहावर नव्हे, तर नेमून ठेवलेल्या एका-दोघांना थेट संदेश जावा आणि त्यांचे काम आधीच ठरलेले असावे. संदेश मिळताच त्यांनी स्वतः ११२ ला फोन करायचा, आणि फोन करताना संकटातील माणूस बोलू शकत नाही हे सांगायचे. पुण्यातील मुलाने पुण्यातून फोन लावला, तरी “मदत मानोरा, जिल्हा वाशिम येथे हवी आहे” हे पहिल्याच वाक्यात सांगितले की काम पुढे सरकते. ज्याला बोलता येत नाही त्याला आपला आवाज उसना देणे, ही या काळातील मोठी सेवा होय.

इतर देशांतही ही सोय एकाएकी उभी राहिलेली नाही. अमेरिकेत ९११ ला लेखी संदेश स्वीकारण्याचा आरंभ २००९ मध्ये आयोवा राज्यातील ब्लॅक हॉक या एका परगण्यात झाला. २०१४ मध्ये तेथील चार मोठ्या कंपन्यांनी, ज्या केंद्रांनी मागणी केली त्यांच्यासाठी, ही सेवा दिली; म्हणजे तंत्र आले तरी प्रत्येक गावचे केंद्र त्यासाठी सज्ज व्हावे लागले. ब्रिटनमध्येही २००९ पासूनच मूक-बधिरांसाठी संदेशसेवेचे प्रयोग सुरू झाले. तेथे वापरणाऱ्याने आपला मोबाइल आधी नोंदवून ठेवावा लागतो. संकट आल्यावर नोंदणी करू, असे म्हणणाऱ्याला ती सेवा तत्काळ लाभत नाही. दोन्ही देशांचा अनुभव एकच सांगतो की, लेखी हाकेची तयारी शांततेच्या दिवसांतच करावी लागते.

ही तयारी मानोऱ्यातील किंवा कोणत्याही गावातील कुटुंबाने कशी करावी? प्रथम घरातील कर्त्या माणसाने स्थानिक पोलीस ठाण्यात जाऊन शांतपणे विचारावे की, ऐकू न येणाऱ्या किंवा बोलू न शकणाऱ्या व्यक्तीने या भागातून कोणत्या मार्गाने संपर्क करावा. कागदावर अनेक वाटा असतात. आपल्या गावी कोणती वाट लवकर चालते हे तेथेच कळते. घरी बहिरी, मूक किंवा एकटी राहणारी वृद्ध व्यक्ती असल्यास तसे ठाण्यात सांगून ठेवावे. ११२ वर केवळ पाहण्यासाठी संदेश किंवा फोन मात्र कदापि करू नये. त्या क्षणी खऱ्या संकटातील कोणाची तरी हाक खोळंबू शकते.

त्यानंतर घरच्या प्रत्येक मोबाइलमध्ये एक मजकूर तयार करून जपून ठेवावा. त्यात गाव, तालुका, जिल्हा आणि घराची ठळक खूण असावी. संकटाचा एक शब्द ऐन वेळी जोडता येतो. दुकान, घर आणि गोदाम वेगवेगळ्या ठिकाणी असल्यास तीन मजकूर ठेवावेत. आजोबांच्या साध्या मोबाइलवरही तो असावा, त्यांना तो पाठविण्याचा सराव घरच्याच एखाद्या क्रमांकावर चार-पाच वेळा करून घ्यावा, आणि त्या मोबाइलचे रिचार्ज चालू ठेवावे. नातवंडांना मोबाइलमधील सारे ठाऊक असते; हे काम त्यांच्यावर सोपविल्यास ते आनंदाने करतील, आणि आजोबाही मुलापेक्षा नातवाकडून लवकर शिकतील.

प्रवासाचाही विचार व्हावा. साधू-साध्वींच्या विहारात पहाटेच्या वेळी श्रावक-श्राविका रस्त्याने सोबत चालतात. अपघात घडल्यास वाहनांच्या गोंगाटात फोनवरचे बोलणे कळत नाही, आणि दोन गावांच्या मधोमध असल्याने पत्ताही सांगता येत नाही. अशा वेळी रस्त्याचे नाव, कोठून कोठे जाताना, आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडावरील आकडा, या तीन गोष्टींनी जागा निश्चित होते. सोबत चालणाऱ्यांपैकी एकाने दर दगड ओलांडताना तो आकडा ध्यानात ठेवण्याचे काम पत्करावे. यात्रेला निघालेल्या बसमधील व्यवस्थापकानेही हेच करावे.

व्यापारी माणूस आगीचा विमा उतरवितो, तिजोरीला दोन कुलुपे लावतो, उधारीची नोंद त्याच दिवशी करतो. न घडलेल्या हानीचा विचार आधी करणे हा त्याच्या धंद्याचा स्वभावच आहे. त्याच दूरदृष्टीने सत्तर खुणांचा हा एक मजकूर आजच लिहून ठेवावा. घरातील ज्या माणसाला ऐकू येत नाही, ज्याची वाणी गेली आहे, किंवा ज्याला भीतीने तोंड उघडता येत नाही, त्याच्यासाठी तो मजकूरच आवाज ठरेल. तो लिहावयास पाच मिनिटे लागतात. चोर घरात शिरल्यावर तेवढी सवड मिळत नाही.